पुढच्या चाकाचा चिमटा

फाटकवाल्यांची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली. त्यांचे वर्कशॉप आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. ते लोखंड घासू लागले की माझ्या फळीवरची भांडी सरकत सरकत खाली पडत. एके दिवशी चहाची किटली पडून तिची चोच वाकली, तेव्हा मी रागाने त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतले. संध्याकाळी ते एक लोखंडी पट्टी घेऊन आले, फळीच्या कडेला बसवली आणि किटलीची चोचही सरळ करून दिली. तक्रार मिटली. ओळख मात्र राहिली.

ते फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात, म्हणून सगळे त्यांना फाटकवाले म्हणतात. "फाटकं करतो, पण अजून फाटका झालो नाही," असे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि स्वतःच हसतात. त्यांची पत्नी पुष्कळ वर्षांपूर्वी मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली. भांडणतंटा झाला नाही. एकमेकांना सांगण्यासारखे काही उरले नव्हते, एवढेच ते म्हणाले. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर ते धुतलेले कपडे ठेवतात.

मुलगी सुट्टीत येत असे. कॉलेजात गेल्यावर तिचे येणे थांबले. तिला मातीच्या ढिगाऱ्यांवरून सायकलने उड्या मारण्याचा नाद लागला होता. फाटकवाल्यांनी फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तिथं येऊन काय करू, बाबा? सायकल तरी आहे का?" तिने हे सहज म्हटले असावे. त्यांनी मात्र तिने वचनच दिल्यासारखे ते धरले. सायकल असली की मुलगी येईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांनी भंगारातून उड्यांच्या सायकलचा एक ठेंगणा, दणकट सांगाडा शोधून आणला. वर्कशॉपच्या मागे एका इमारतीचा पाया खणून काम सोडून दिलेले होते. तिथल्या मातीला त्यांनी फावड्याने चढ-उतार दिले. अडचण एकच राहिली. पुढचे चाक ज्यात बसते तो चिमटा स्प्रिंगचा होता आणि गंजून जाम झाला होता. फाटकवाले म्हणाले, "स्प्रिंग नकोच. सरळ, न हलणारा चिमटा हवा. तो मीच करतो. माझ्या फाटकावर ट्रक आपटला तरी जोड सुटत नाही."

त्यांनी फाटकाची लोखंडी नळी कापून चिमटा केला. वेल्डिंगने जोडावर जोड चढवला, त्यावर पट्टी, पट्टीवर पुन्हा जोड. त्यांच्या धंद्यात मजबुती अशीच वाढवतात. मुलीला बसवण्याआधी ते स्वतः सायकलवर बसले आणि सर्वांत लहान ढिगाऱ्यावरून उतरले. आवाज ऐकून मी धावले. ते मातीत बसले होते. खांद्याचे हाड मोडले होते, पण नजर चिमट्यावर होती.

"जोड बघा, आजी. जोड शाबूत आहे."

जोड खरोखर शाबूत होता. त्याच्या शेजारची नळी, पुन्हा पुन्हा तापून कमजोर झालेली, एका बोटाच्या अंतरावर तुटली होती.

त्यांचा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे सायकलच्या दुकानात मला त्यांच्याबरोबर जावे लागले. जुना, स्प्रिंगचा चिमटा माझ्या पिशवीत होता आणि मोडका त्यांच्या हातात. दुकानातल्या बाईंनी मोडका उचलून फिरवून पाहिला.

"हा कुणी केला?"

"मीच."

"फाटकाला लावा. फाटक उडी मारत नाही."

मला वाटले, फाटकवाले चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे ताई. आता तुमच्याकडचा सगळ्यात पक्का द्या. माझ्या मुलीसाठी आहे."

बाईंनी पहिला चिमटा काळा, बोटावर उचलता येईल असा काढला. "हा सडकेवर पळणाऱ्यांचा. तुमच्या कामाचा नाही." दुसरा ॲल्युमिनियमचा होता. तिसरा पोलादाचा, जाड पायांचा. तो मी धरला तर हात खाली गेला.

"जड आहे हो," मी म्हणाले.

"आजी, तुम्ही उडी मारणार आहात का?"

"अजून ठरवलं नाही."

बाई हसल्या आणि फाटकवाल्यांकडे वळल्या. "पोलाद आधी वाकतं, मग मोडतं. मुलगी रोज तपासून बघणारी असेल तर तिला वेळेवर कळतं. ॲल्युमिनियम इतकी सूचना देत नाही."

"मग पोलादाचा. आणि त्यातला आखूड द्या. आखूड तितका मजबूत."

"आणि पुढून सायकल खाली झुकली तर? पोरगी नाकावर येईल. जुना चिमटा आणलाय ना?"

मी पिशवीतून काढून दिला. बाईंनी त्याची उंची मोजली आणि माणूस बसल्यावर स्प्रिंग जितकी दबली असती, तितकी वजा केली. मग त्या उंचीचा चिमटा आतून शोधून आणला. फाटकवाले त्याच्यावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवीत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "याला मी हात लावणार नाही." पुढे त्यांनी त्या चिमट्याला ठिणगीसुद्धा लागू दिली नाही. दिवा बसवायचा होता, तोही पट्ट्याने बांधला.

सायकल तयार असल्याचे कळवल्यावर मुलगी आली. बरोबर एक मैत्रीण होती. मुलीने सायकल उलटी केली, चाक फिरवले, चिमटा दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"कुणी निवडला?"

"मी. म्हणजे, आम्ही."

ती रोज दिवसभर उड्या मारीत राहिली. दोघी मैत्रिणी आपसात बोलत, हसत, पडत, पुन्हा चढत. फाटकवाले काम बंद ठेवून कडेला उभे राहत. जेवायला बोलावले की दोघी उभ्यानेच खाऊन परत जात. "एकदम सरळ उतरते, बाबा," एवढे एकच वाक्य तिने त्यांना सांगितले. ते वाक्य त्यांनी मला दोनदा ऐकवले.

निघायच्या दिवशी तिने विचारले, "ही मी घेऊन जाऊ? तिकडचे ढीग याच्या दुप्पट आहेत. या चिमट्यावर जमेल."

चिमटा कमकुवत असता, तर सायकल इथेच राहिली असती आणि सायकलसाठी का होईना, ती पुन्हा आली असती. हे मला कळले, म्हणजे त्यांनाही कळले असणार. ते म्हणाले, "ने की. तुझ्यासाठीच केली."

मागच्या ढिगाऱ्यांवर आता गवत आहे. खांदा भरून आला आहे आणि भिंतीपलीकडे लोखंड पुन्हा घासले जाते. त्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून ते तो एका सुट्या पत्र्यावर ठेवतात. फोन आला की पत्रा थरथरतो. कधी माझ्या भिंतीलाही ते जाणवते, आणि मग बराच वेळ घासणे बंद असते. बहुतेक दिवशी ते अखंड चालू असते.

ती निघाली त्या दिवशी बसच्या टपावर सायकल बांधून घेऊन ते खिडकीशी आले, तेव्हा मी तिथे होते. मुलगी खिडकीत बसली होती. त्यांनी खिडकीची कड धरली आणि म्हणाले, "एक कर. चिमट्याच्या जोडाशेजारी दर आठवड्याला बोट फिरवून बघत जा. आणि चीर नाही, एवढं मला कळवत जा."