गळ्याची सोनोग्राफी

मुतखड्याची सोनोग्राफी करायला मी मंचरला गेले होते. माझ्याआधी तळेघरच्या वरच्या वाडीतली एक तरुण बाई होती. तिचा गळा एका बाजूला सुजलेला, तोंड उघडत नव्हतं, लाळ पदराने टिपत होती. तिला काही विचारलं की उत्तर सासू द्यायची.

पुढचा नंबर माझा, म्हणून मलाही आत स्टुलावर बसवलं. ती टेबलावर आडवी झाली आणि कोणी सांगायच्या आत साडी खाली सरकवून पोट उघडं करून मोकळी झाली.

"पोट झाका, गळा बघायचाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिने पोट झाकलं, पण हात तिथेच राहिले.

"टॉन्सिलजवळ पू साठलाय. आजच काढायला हवा. इतके दिवस काय करत होता?"

"उतरंल म्हणलं," सासू म्हणाली आणि जरा पुढे सरकली. "आलोच हाय तर पोट बी बघा की. दिवस गेलं असलं तर कळंल."

डॉक्टरीणबाईंनी मशीनवरची जेल पुसली आणि सुनेला पू काढायला शेजारच्या खोलीत पाठवलं.

सुईने पू काढल्यावर ती बाहेर माझ्या शेजारी बाकावर येऊन टेकली. माझी तपासणी उरकून मी रिपोर्टची वाट बघत होते, सासू औषधं आणायला गेली होती. तिने हळूच खाकरून आवाज फुटतो का ते पाहिलं.

"मागं पोटासाठी आणलं व्हतं," ती म्हणाली, "तवा दारात जीप आली व्हती. आज यष्टीसाठी तळेघरपतुर चालत आले."