कडेची बाई

आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर रोज एकच प्रश्न येतो. अमुक तारखेला कोण मोकळं आहे? मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा मी पुन्हा त्या प्रश्नाखाली लिहायला लागले, "मी आहे." माझ्या खाली आणखी दोघंतिघं लिहायचे, त्यातल्या कुणाला तरी काम जायचं. मला कुणी नाहीसुद्धा म्हणत नसे. तरी मी आपली लिहीतच राहिले. शेवटी शेवटी माझं मलाच ते वाचवेना.

लग्नाचे फोटो काढणं हे माझं काम. वसईपासून विरारपर्यंतचे हॉलवाले, मांडववाले, मेंदीवाल्या मला ओळखायच्या. पोटुशी राहिले तेव्हा ग्रुपवर एवढंच टाकलं की काही महिने काम घेणार नाही. का, म्हणून एकानेही विचारलं नाही. अंगठे तेवढे आले. बाळ झाल्यावरही कुठे फोटो टाकला नाही, कारण गावी असणाऱ्या सासूबाईंना नजरेची भीती. बाई फोटोग्राफर, आणि तिच्या मुलीचा फोटो दुनियेत कुठेच नाही. हसावं की रडावं सांगा.

नालासोपाऱ्यात आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. नवरा सकाळी जातो तो दिवेलागणीनंतर येतो. समोरच्या दारात दर अकरा महिन्यांनी नवं बिऱ्हाड, त्यांच्याशी जरा बोलणं सुरू होईतो सामान न्यायला टेम्पो खाली उभा. दिवसभर मी मुलीशी बडबडायची आणि ती गेली झोपी की कुकरशी. एकदा गॅसवाला सिलिंडर द्यायला आला तर मी त्याला विचारलं, ऊन फार आहे का हो बाहेर? खिडकी समोर उघडी होती, ऊन मला दिसत होतं. पण कुणीतरी चार शब्द बोलावेत एवढीच माझी भूक होती. लाज वाटली नंतर.

अशात माझ्या जुन्या असिस्टंटचा फोन आला. ही मुलगी चार वर्षं माझ्या हाताखाली होती, माझी बॅग उचलायची, लाईट धरायची. मधल्या काळात तिने वसईत स्वतःचा स्टुडिओ टाकला होता आणि चांगलं नाव कमावलं होतं. म्हणाली, "ताई, सांडोरला लग्न आहे. हळद आणि लग्न. दुसरा कॅमेरा तू धरशील? जमलं आपलं तर सगळा सीझन बरोबर करू."

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "मागच्या वेळी एकीला घेतलं तर तिचं बाळ लहान. सारखी फोनवर, सारखी घड्याळाकडे. परत त्या वाटेला जाणार नाही बाबा."

मी म्हटलं, "हो ना." सबंध सीझन बाहेर काढायला मिळणार होता, माणसांत वावरायला मिळणार होतं. माझ्या घरात कोण आहे आणि कोण नाही, ते तिला कशाला हवं?

हळदीच्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली. मुलीला पाजून, काळा कुर्ता घालून निघाले, म्हणजे दूध आलंच तर दिसणार नाही. स्टेशनवरून शेअर रिक्षा केली. मांडव केळीच्या वाडीला लागूनच होता, पलीकडे बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, त्यातून पाणी काढून बायका हंडे भरत होत्या. कॅमेरा हातात घेतला आणि काय सांगू, अंगात जीव आला. कोणती मावशी रुसलीय, कोणता काका आता नाचणार, सगळं मला आधीच कळायला लागलं. जेवणाच्या पंगतीपर्यंत मी अगदी जुनी मी होते.

मग जात्यावर हळद दळायची वेळ झाली. त्यांच्यात पाच सवाष्णी बसतात, आणि पाचीजणी लेकुरवाळ्या लागतात. ऐन वेळी त्यातल्या एकीला अडचण आली आणि ती बाजूला झाली. नवरीची आत्या जात्यापाशी उभी राहून नजर फिरवायला लागली. कुणी विधवा, कुणी बिनलग्नाची, एकीला अजून दिवस राहिलेले नव्हते. भटजी घाई करत होते. आत्याची नजर माझ्या मंगळसूत्रावर येऊन थांबली.

"बाय, तुला पोर हाय का?"

जात्याच्या पलीकडे आमची स्टुडिओवाली डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. नाही म्हटलं असतं तर आत्या दुसरीकडे वळली असती आणि सीझन माझा होता. मी काही देवभोळी बाई नाही. सासूबाईंच्या मीठमोहऱ्यांना मी तोंडावर हसते. पण हळदीच्या जात्यासमोर, घरी हसतखेळत असलेल्या लेकीला नाही म्हणायचं? जीभच उचलेना.

"आहे," मी म्हटलं. "मुलगी आहे. दहा महिन्यांची."

स्टुडिओवालीने कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर केला.

आत्याने माझा कॅमेरा कुणाकडे तरी दिला. माझे मोकळे हात बघून म्हणाली, "अशी बसू नको," आणि उजव्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या. मी कडेला बसले. जात्याचा खुंटा धरला तर शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला. गाणं मला येत नव्हतं, नुसती गुणगुणत राहिले. कित्येक महिन्यांत कुणा मोठ्या माणसाने माझा हात असा धरला नव्हता. नवरा धरतो, नाही असं नाही, पण तो दमून आलेला असतो. त्या बाईचा हात गरम होता, खरखरीत होता, आणि दळण होईपर्यंत तो काही निघाला नाही. उठताना ती म्हणाली, "अंगावर पाजतेस ना? मग जेवलीस का पोटभर?" मी कॅमेरा परत घेऊन घाईघाईने लेन्स पुसायला लागले, कारण डोळे भरून आले होते.

संध्याकाळी सामान आवरताना स्टुडिओवाली म्हणाली, "सांगायचंस ना ताई."

रागावली असती तर भांडता आलं असतं. पण तिने मायेनेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी ओढाताण कशाला? एडिटिंग घे ना माझ्याकडचं. घरबसल्या होईल, बाळही बघता येईल." लग्नाला तिने दुसऱ्याला नेलं. मला काम मिळालं होतं, मी नाही कशी म्हणणार? घरबसल्या. मला घरी बसवेना म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

आता मुलगी दुपारी झोपली की मी लॅपटॉप उघडते. लोकांच्या हळदी, लोकांच्या वराती, लोकांचे मामा. हसणारी एवढी माणसं समोर असतात आणि घरात पंख्याचा आवाज. सांडोरच्या फोटोंमध्ये तो जात्याचा फोटो निघाला. फार सुरेख आलाय. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून आलंय, आणि पाचीजणींचे हात पूर्ण दिसतात. चेहरा एकवेळ चुकला तरी चालेल, हात मनगटात कापायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

गेल्या आठवड्यात तिने नवरीचा मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवला. "हा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचाय. पण ही कडेची बाई कोण? आमच्यातली नाही. काढता येईल का?" खाली हिचं, "ताई, आजच कर प्लीज." फोटो तिने नीट बघितलाही नसावा.

मी लिहिलं, "मी आहे."

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळाने, "अय्या, सॉरी ताई. पण क्लायंटला हवंय गं, काय करू."

तिचं तरी काय चुकलं? मी फोटो उघडला आणि कड आत आत आणत गेले. आधी माझा खांदा गेला, मग चेहरा, मग मंगळसूत्र. मनगटाशी आले तेव्हा दोन हिरव्या बांगड्या दिसल्या. त्यातली एक मुलीला न्हाऊ घालताना फुटली, दुसरी माऊसवरच्या हातात होती. पुढे कापता येत नव्हतं, माझ्या हातावर त्या बाईचा हात होता. माझा काढायचा तर तिचाही तुटला असता. मी तसाच पाठवून दिला. कुणी काही बोललं नाही, म्हणजे चालला असणार.

सांडोरच्या त्या घरात भिंतीवर आता चौघी बसलेल्या आहेत, आणि खुंट्यावर माझा हात आहे. तो कुणाचा, हे त्या घरात कुणी कुणाला विचारणार नाही.