घाटावर दिलेली अक्का

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धारूरच्या बाजूला डोंगरावरच्या गावात दिली होती. मला दिली खाली, त्याच डोंगराच्या पायथ्याच्या खोऱ्यात. मध्ये एक कडा आणि सीताफळीच्या रानातून उतरणारी पायवाट, एवढंच अंतर. खोऱ्यात ऊन उशिरा यायचं. वर अक्काच्या भाकरी थापून व्हायच्या, तरी आम्ही सावलीत कुडकुडत असायचो. पण आमची जमीन काळी, ओढा बारमाही. तिच्याकडे मुरूम, वारा आणि होळीच्या आधीच तळ गाठणारी विहीर.

म्हणून उन्हाळ्यात तिची माणसं गुरं घेऊन खाली उतरायची. एका साली तर पाऊस येईपर्यंत ती आमच्या शेतात झोपडी घालून राहिली. दोघी ओढ्यावर गोधड्या धुवायचो. लहानपणी रागवायची तशीच ती मला रागवायची, "नीट पीळ की गं, हातात जीव न्हाई का?"

सासऱ्यांनी दाजींना बटाईने जमीन देऊ केली. दाजी तयार होते. अक्काच म्हणाली, "इथं दम कोंडतो गं. चहूकडून डोंगर. मला वरचं मोकळं लागतं."

मला फार वाईट वाटलं नाही. वर म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर.

पुढं निजामसरकारचा हुकूम आला आणि डोंगराचा सगळा उतार सरकारी जंगल झाला. दवंडी पिटली, पायवाटेवर काट्या टाकल्या, एक शिपाई बसवला.

"कुऱ्हाड न्हाई, गुरं न्हाईत, मंग मला कावून अडवतो बाबा?" अक्काने त्याला विचारलं म्हणे.

"बाई, हुकूम हाय," एवढंच तो बोलला.

गाडीरस्ता लांबून, वळसा घालून. जायला एक दिवस, यायला दुसरा. त्यात पेरणी, खुरपणी, दोघींची बाळंतपणं. आधी सणाला भेट व्हायची, मग लग्नकार्याला, मग नुसते निरोप.

माझ्या लेकीच्या लग्नाला ती आली तेव्हा केस पांढरे झाले होते. मी पाय धुवायला पाणी दिलं. ओसरीवर बसून पदर सारखा करत ती म्हणाली, "बसा तुमी. तुमाला लई कामं असतील."

मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. जन्मात तिने मला 'तुमी' म्हटलं नव्हतं. वाटलं, थट्टा करते. पण नव्या विहिणीशी बोलावं तसं ती पाऊसपाण्याचं विचारत राहिली.

"अक्का, चार दिस ऱ्हा की," मी म्हणाले.

"सून एकटी हाय घरी."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने गाडी जुंपायला लावली. मी ओटी भरली. तिने माझा हात धरून ठेवला, काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात मांडवातून मला हाक आली. परत आले, तर गाडी वेशीबाहेर गेली होती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.