सासूसाठी निवडलेलं शहर

जयमाला ऐरोलीच्या ज्या ऑफिसात कामाला होती, तिथे अमेरिकेतल्या शहरांची तुलना करून द्यायचं काम चाले. तिकडची माणसं सारखी बिऱ्हाडं हलवतात. नवीन शहरात वस्ती कुठे वाढतेय, गाडीवाचून भागतं का, उन्हाळा कसा, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. जयमालाकडे पश्चिमेकडची शहरं होती. त्यातलं एकही तिने पाहिलेलं नव्हतं, पण बोलायला लागली की वाटावं, हिचं माहेरच तिकडे. सिएटल पाणी आणि डोंगर यांच्यात अडकलंय, म्हणून उंच चाललंय. डेन्वरने स्टेशनांभोवती वस्ती बसवायला घेतलीय. फिनिक्सला अडवणारं कोणी नाही, ते वाळवंटात सांडलेल्या तेलासारखं पसरतंय.

"आपलं खारघर घ्या," ती नव्या पोरींना सांगे, "त्याच्यातून पायी चालणारी माणसं, रिक्षा, भाजीवाले सगळे पुसून टाका आणि खाली भट्टी पेटवा. झालं फिनिक्सच्या कडेचं गाव."

घरी, कामोठ्यात, ती आणि सासू सत्यभामाबाई अशा दोघीच. फ्लॅट जयमालाचा. तिचे वडील कोंडिबा साताऱ्याकडून आलेले. वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहून त्यांनी तो घेतला आणि मरताना मुलीच्या नावे केला. नवरा विश्वजित कंपनीतर्फे अमेरिकेला गेला तेव्हा, "बस्तान बसलं की दोघींना नेतो," म्हणून आईला तिच्या पदरात टाकून गेला. फोनवर तो विचारायचा, "आपल्यासाठी कुठलं शहर बरं?" आणि जयमाला जीव ओतून सांगायची. बोलता बोलता सासूच्या गुडघ्यांना तेल चोळायची.

एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना एक लहानगा धावत येऊन विश्वजितच्या मांडीवर चढला आणि "डॅडी" म्हणाला. पडदा काळा झाला. जयमालाने वळून पाहिलं. सत्यभामाबाईंना नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"लई दिस झालं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मला ठेवलं असतंस व्हय? माजं गुडघं कुनी चोळलं असतं?" भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलल्या. आणि वर म्हणाल्या, "पोरगं गोरंपान हाय. तुज्याकडनं ते बी झालं न्हाई."

जयमाला रडली नाही, भांडली नाही. रीतसर सोडचिठ्ठी झाली, तरी तिने म्हातारीला घराबाहेर काढलं नाही. तेल चालूच राहिलं. सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर रोज संध्याकाळी बायका जमत, सत्यभामाबाई त्यांच्यात बसल्याशिवाय जेवत नसत. शेजारच्या पुतळाबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "अशी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही."

मग विश्वजितने आईला बोलावलं. त्याची तिकडची बायको कामावर जाणार होती, पोराजवळ कोणीतरी हवं होतं. त्याला दोन ठिकाणी नोकरी मिळत होती, एक डेन्वरला, एक फिनिक्सला. दोन्हीकडची घरं त्याने पाहून ठेवली होती. आईला ज्या गावी आवडेल तिथे जाऊ, म्हणाला.

सत्यभामाबाईंनी घरांचे फोटो जयमालापुढे धरले. "तूच सांग. तुजं तेच तर काम हाय."

जयमालाने फोटोंखालचे पत्ते पाहिले. डेन्वरचं घर स्टेशनाजवळ होतं. खाली दुकानं, समोर बाग, चालत जाता येईल एवढ्यावर वाचनालय, म्हाताऱ्यांची ऊठबस. फिनिक्सचं घर शहराच्या शेवटच्या ओळीत होतं. त्यापुढे नुसती रेती. तिच्या तेलकट हाताखाली म्हातारीचा गुडघा होता, सुजलेला, ऊन. क्षणभर हात थांबला.

"फिनिक्स," ती म्हणाली. "डेन्वरला बर्फ पडतो, तुमचे गुडघे धरतील. फिनिक्सला ऊन कसं लख्ख. कुरडया घाला, पापड घाला."

"मानसं असतील न्हवं?"

"भरपूर. जोरात वाढतंय ते शहर."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

विश्वजित म्हणाला, "आई, तुला डेन्वर सोपं पडेल." त्या हट्टालाच पेटल्या. शेवटी त्याने हात टेकले. बॅग जयमालाने भरली. विमानतळावर सत्यभामाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

हिवाळाभर त्या खुशीत होत्या. उन्हाळा लागला तसा आवाज बदलला. "जया, हितं रस्त्यावर मानूस दिसत न्हाई गं." मुलगा-सून सकाळी गाडीतून जात. नातू त्यांच्या बोलण्याला हसे आणि इंग्रजीत काहीबाही म्हणे. एकदा दोघं पोराला घेऊन बाहेर गेले असताना म्हातारी कोणी बोलायला मिळतंय का बघायला निघाली. एकसारखी घरं, एकसारख्या भिंती, दुकान नाही, सावली नाही. वाट चुकली. चप्पल तुटली तशी तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालली. पोलिसांनी गाडीत घालून आणली तेव्हा तळव्यांची कातडी सुटली होती. त्यानंतर विश्वजितने दाराला असं कुलूप बसवलं, जे त्यांना उघडता येत नाही.

"मला परत ने," त्या फोनवर रडल्या. "तुज्या पाया पडते."

जयमाला मेथी निवडत होती. "कुणाकडे येणार, आई? मी तुमची कोण?"

"तूच म्हनलीस, मानसं लई हायत."

"आहेत की. सगळी गाडीत बसलेली असतात." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "डेन्वरचं घर चांगलं होतं. खाली बागेत बाक होते. तुमच्या वयाच्या बाया बसतात तिथे. मी तेव्हाच पाहिलं होतं."

मग तिने फोन ठेवला आणि मेथी धुवायला घेतली.

सत्यभामाबाई अजूनही फोन करतात. मुलगा-सून कामावर गेल्यावर त्यांच्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नाही. जयमाला दर वेळी उचलते. स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि भांडी घासत सगळं ऐकून घेते. म्हातारी गप्प झाली की विचारते, "आज ऊन कसं आहे, आई?"