होळीत गेलेलं फाटक

आमच्या काशीदचा हा होड्या बांधणारा सुतार बोलण्याआधी समोरची वस्तू वितीने मोजतो. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातलं टेबल त्याने इतक्यांदा मोजलंय, की ते माझ्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. न्यूझीलंडला बोटींच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा व्हिसाचा फॉर्म भरायला तो माझ्याकडेच आला.

‘कधी शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे मी पटकन ‘नाही’ भरलं. होळीसाठी लाकडं पळवणं ही आमच्याकडे चोरी नव्हेच. पण तरुणपणी याने आणि दोस्तांनी एका मुंबईकर काकांच्या बंगल्याचं फाटकच होळीत घातलं आणि काकांनी तक्रार केली. पोलिसांनी विचारल्यावर बाकीचे माडांकडे बघत राहिले. नाव सांगितलं ते याने एकट्याने, आणि तेही फक्त स्वतःचं. कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा झाली.

"व्हय लिवा," टेबल मोजत तो म्हणाला.

"अरे बाबा, व्हिसा अडेल!"

"अडू दे. दिसभर बसलोय मी थितं. बाक पन मोजलाय, नऊ विती."

मी सगळं खरं लिहिलं, फक्त नऊ विती वगळल्या. खुलासा मागणारं पत्र आलं, आम्ही खुलासा पाठवला, आणि व्हिसा मिळाला.

जाण्याआधी त्याने काकांच्या बंगल्याला सागाचं नवं फाटक बसवून दिलं. मी निरोप द्यायला गेलो, तेव्हा तो त्यांना बजावत होता, "काका, औंदा होळीत ह्ये गेलं तर तक्रार करू नका. नाव सांगायला आता मी हितं न्हाय."