सहा मीटर छत्र्या

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकटीने टेबलावर कापड पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली, खडूला टोक काढलं आणि पुढची पस्तीस मिनिटं काहीच केलं नाही. कात्री उजव्या हाताशी होती. कापड सहा मीटर, पन्हा छत्तीस इंची, फिक्या पिवळ्या रंगावर अंगठ्याएवढ्या निळ्या छत्र्या. एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर हा एवढाच तुकडा सापडला होता. नवं छापून घ्यायला बारा दिवस लागले असते आणि शूटिंग उद्यावर आलं होतं. दुपारी चारच्या आत यातून दोन फ्रॉक निघायला हवे होते.

अडचण एकच होती. धाकटीला कापता येत नव्हतं.

ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. चव्वेचाळीस वर्षं शिवते आहे आणि गेले आठ महिने एका सिनेमा कंपनीच्या शिवणखोलीत एकटीच शिवते आहे. तिचा टाका शोधायला माणूस आधी चष्मा पुसतो. पण कुठला भाग कापडावर कुठे बसवायचा हे ठरवणं, म्हणजे बेतणं, आणि मग कात्री लावणं हे वेगळं काम. ते तिच्या जुळ्या बहिणीला येतं. आणि त्या बहिणीशी तिचं चौदा महिने बोलणं नव्हतं.

कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं. झाकली मूठ धाकटीने मोठ्या कष्टाने झाकून ठेवली होती. मापाचा एखादा जुना कपडा मिळवायचा, जेवणाच्या सुट्टीत दार लावून तो उसवायचा, तुकडे नव्या कापडावर ठेवायचे आणि कडेने खडू फिरवायचा. या पद्धतीने तिने वकिलाचा कोट काढला होता, नर्सचे सहा झगे काढले होते. काल संध्याकाळीही तिने एक जुना फ्रॉक उसवून तुकडे मांडून पाहिले. पहिला फ्रॉक व्यवस्थित बसला. दुसऱ्याच्या मागच्या घेराचा कोपरा वीतभर कापडाबाहेर गेला. तुकडा उलटा ठेवला तर बसत होता, पण मग छत्र्या उलट्या होत होत्या.

सिनेमा होता दोन जुळ्या बहिणींवर. खऱ्या बहिणी, याच शहरातल्या. लहानपणापासून त्या फक्त एकमेकींशी बोलायच्या. बाकी जगाशी, आईबापांशीही, चकार शब्द नाही. सतराव्या वर्षी दोघींपैकी एकीने भर दुपारी शाळेच्या अकरा काचा फोडल्या. पाहणारे सव्वीस जण होते, पण दोघींच्या अंगावर एकसारखे छत्र्यांचे फ्रॉक होते आणि नक्की कोणी फोडल्या हे एकालाही सांगता येईना. बहिणींनीही सांगितलं नाही. शेवटी दोघींना तीन वर्षं सुधारगृहात धाडलं, वेगवेगळ्या इमारतींत. त्यातली एक आता हयात आहे. सिनेमाला परवानगी देताना तिने एकच अट घातली, ती करारात लिहिलेली आहे: काचा कोणी फोडल्या हे पडद्यावरही कळता कामा नये.

त्यामुळे एका फ्रॉकला वेगळ्या तुकड्याचा जोड आणि दुसरा अख्खा, हे चालणार नव्हतं. प्रेक्षक तेवढीच खूण धरून बसले असते. आणि कापड वाया गेलं असतं, तर आठ महिन्यांची मूठ उघडून धाकटीची नोकरी गेली असती.

अशा जोडाशी तिची जुनी ओळख. ती बहिणीपेक्षा अकरा मिनिटांनी लहान. तेवढ्या भांडवलावर बहीण जन्मभर थोरली झाली आणि ही आजी होऊनही धाकटीच राहिली. आई एका इस्पितळात चादरी शिवायची. घरात एक कात्री आणि एक मशीन. नवव्या वर्षी थोरलीने कात्री घेतली, मोठी म्हणून. राहिलं ते मशीन, धाकटीचे पाय पायट्याला पुरायला लागले तसं ते तिच्याकडे आलं. दोघींचे फ्रॉक एकाच तुकड्यातून निघायचे, कापड हमखास कमी पडायचं आणि जोड हमखास धाकटीच्या फ्रॉकला यायचा. आई म्हणायची, "मागे आहे, कुणाला दिसतोय?" शाळेच्या प्रत्येक फोटोत धाकटी भिंतीला पाठ लावून उभी आहे.

पुढे दोघींनी एका जिन्याखाली दुकान काढलं आणि एकतीस वर्षं मिळून चालवलं. एकीने माप घ्यायचं, दुसरीने कपडा द्यायचा. गिऱ्हाईक भांडायला लागलं की समोर असलेली म्हणायची, "ती मी नव्हे." बहुतेकदा ते खरंही असायचं. मग चौदा महिन्यांपूर्वी एका बाईने आपल्या कोटाची तारीफ केली. थोरली म्हणाली, "सगळं कापण्यावर असतं हो. शिवायला काय, कुणीही शिवतं."

धाकटी तेव्हा दोन हातांच्या अंतरावर मशीनवर बसली होती. तिने टाका पुरा केला, दोरा तोडला, मशीनची बॉबिन काढून पर्समध्ये टाकली आणि घरी गेली. बॉबिन कुठल्याही दुकानात मिळते. थोरलीने नवी घेतली नाही.

सव्वासातला धाकटीने बहिणीच्या घरी फोन लावला. उचलला मेव्हण्यांनी. त्यांना ती दाजी म्हणते. ते निवृत्त बसड्रायव्हर आहेत आणि चौदा महिने या दोन घरांमधली चालू असलेली एकमेव फेरी त्यांचीच.

"दाजी, ती उठलीये का?"

"ती म्हणजे कोण?"

"चेष्टा नको हो. कापड पसरून बसलेय."

दाजींनी फोनवर हात न ठेवताच हाक मारली, "अगं, तुझ्या बहिणीचा फोन!"

"कुठल्या?" मागून थोरलीचा आवाज आला.

"डझनभर आहेत का तुला?"

"सांगा, मी आंघोळीला गेलेय."

"ती म्हणतेय की ती आंघोळीला गेलीये," दाजींनी निरोप जसाच्या तसा पोचवला.

"तिला सांगा, सहा मीटर आहे, छत्तीसचा पन्हा, उभा छापा. दोन फ्रॉक काढायचेत."

दाजींनी सांगितलं. पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग थोरली म्हणाली, "घेर किती, विचारा."

"एक्याऐंशी," धाकटी म्हणाली.

"नाही निघत. साडेसहा लागेल."

"ते मलाही कळतंय, म्हणावं! म्हणून तर फोन केला."

"तिला म्हणावं कात्रीला हात लावू नकोस. लांब ठेव. कपाटावर ठेव. मी येतेय."

"आणि आंघोळ?" दाजींनी विचारलं. फोन कट झाला.

आठ वाजून दहा मिनिटांनी थोरली शिवणखोलीत आली. मागे दाजी, त्यांच्या हातात फलाटीनच्या फडक्यात गुंडाळलेली थोरलीची कात्री. दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांत दोघींनी नवे चष्मे केले होते आणि एकमेकींना न विचारता एकच फ्रेम घेतली होती. दाजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि स्टुलावर बसून घेतलं.

"तिला सांगा, खडू जाड आहे," थोरली म्हणाली.

"ती दोन फुटांवर आहे," दाजी म्हणाले.

"सांगा तुम्ही."

"खडू जाड आहे गं, धाकटे."

"ऐकलं मी. तिला सांगा, दुसरा ड्रॉवरमध्ये आहे. डावीकडच्या."

थोरलीने खडू बदलला. उसवलेले तुकडे तिने एका हाताने गोळा केले, त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं आणि टेबलाखाली टाकले. मापं मागितली, तीही दाजींमार्फत, आणि कागदावर नवे आकार काढले. मग तिने ते आकार कापडावर ठेवले, उचलले, परत ठेवले. असं वीस मिनिटं चाललं. बाह्या गळ्याच्या पोकळीत गेल्या, कंबरपट्टी काठाला गेली. दुसऱ्या फ्रॉकचा कोपरा वीतभर बाहेर होता तो बाहेरच राहिला.

"फोडल्या कोणी म्हणे त्या काचा?" थोरलीने विचारलं. विचारलं दाजींना, पण ते सिनेमातले नव्हते.

"ते सांगायचं नाहीये," धाकटी म्हणाली. "करारात आहे."

"मोठीने फोडल्या असणार. लहानी असती तर दगड उचलायच्या आधी रडली असती."

"लहानीनेच फोडल्या. मोठी बाजूला उभी राहून सांगत असेल, हा दगड नको, तो घे."

दाजी मोठ्याने हसले. दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं तसं त्यांनी तोंडावर हात ठेवला. मध्यस्थाविना झालेलं हे पहिलंच संभाषण होतं हे तिघांच्याही लक्षात आलं असावं, कारण थोरलीने लगेच आकार पुन्हा सरकवायला घेतले.

"मग?" शेवटी धाकटी म्हणाली. "जोड येणार ना? नेहमीसारखा एकीच्याच मागे."

 थोरलीने दोन्ही फ्रॉकचे मागचे आकार उचलले आणि दोन्ही जरासे कडेकडे सरकवले. आता दोन्हींचा खालचा डावा कोपरा कापडाबाहेर गेला, पण निम्मानिम्मा. बोटांनी मोजलं. सहा बोटं इथे, सहा बोटं तिथे. मधे जी चिंचोळी पट्टी मोकळी झाली तिच्यातून दोन त्रिकोणी तुकडे निघत होते, छत्र्या सरळ ठेवून.

"दोघींना जोड," ती म्हणाली. "एकाच जागी, एकाच मापाचा."

धाकटीने वाकून पाहिलं. "छत्री मधोमध कापली जातेय."

"जातेय. दांडीला दांडी लावायची तू. दोन्हीकडे. केसाएवढंही सरकता कामा नये." थोरलीने कात्री फलाटीनमधून काढली. "मशीनवर दुसरं कुणी असतं तर असं कापायची माझी छाती झाली नसती."

तिने कात्री लावली. सहा मीटर कापायला तिला सोळा मिनिटं लागली.

दहा वाजता वेशभूषेच्या मॅडम आल्या. धाकटी कोपऱ्यात, कपड्यांच्या स्टँडमागे मशीनवर होती. टेबलाशी थोरली होती, म्हणून मॅडम तिच्याशीच बोलल्या.

"झालं कापून? आज चेहरा का असा?"

"असाच असतो," थोरली म्हणाली.

मॅडमनी कापलेले भाग उचलून पाहिले. "आजवरचं तुमचं सगळ्यांत चांगलं काम आहे हे. वेस्ट किती निघालं?"

"ओंजळभर."

"कमाल आहे तुमची."

"चारला ट्रायल. या तुम्ही," थोरली म्हणाली आणि चिंध्या गोळा करायला लागली. स्टुलावर दाजी छताकडे पाहत होते.

मशीन थांबलं. धाकटी स्टँडमागून बाहेर आली.

"मॅडम, कापलंय तिने. मला कापता येत नाही."

मॅडमनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "दोघी आहात?"

"जन्मापासून," थोरली म्हणाली.

"नोकरीला घेताना मी विचारलं होतं, कापायचं जमेल ना. तुम्ही म्हणालात, आमच्या घरातच आहे ते."

"घरातच होतं," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे नव्हतं."

"मग आठ महिने कापत कोण होतं?"

"कुणीच नाही. मी उसवत होते."

"उसवून?" हे थोरली ओरडली. "वकिलाचा कोटसुद्धा?"

"दोनदा. पहिल्यांदा बाही उलटी आली."

थोरलीने चष्मा काढला आणि टेबलाला धरून हसायला लागली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घेराच्या कोपऱ्यातली खडूची रेघ पाहिली होती.

"हा जोड आहे. दिसला तर?"

"दिसला तर दोघींचा दिसेल," थोरली डोळे पुसत म्हणाली.

मॅडमनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "ट्रायलनंतर बोलू," आणि गेल्या.

ट्रायल चार वाजता झाली. भूमिका करणाऱ्या मुलीही खऱ्या जुळ्या आहेत, एकोणीस वर्षांच्या, आणि मोबाइलच्या चार्जरवरून भांडतच आत आल्या. मॅडमनी त्यांना पाठमोरं उभं केलं, डोळे मिटले, मुलींना जागा बदलायला सांगितलं आणि ओळखायचा प्रयत्न केला. तीनदा केला, दोनदा चुकल्या. जोड कुठे आहे हे माहीत असूनही तो सापडायला त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं. तिथे छत्रीची दांडी सरळ होती.

उठता उठता त्या थोरलीला म्हणाल्या, "शूटिंगचे तीन महिने बाकी आहेत. कटरची जागा रिकामी आहे. मला वाटत होतं, भरलेली आहे."

"माझं दुकान आहे," थोरली म्हणाली.

"दुकानात दिवसाला एक गिऱ्हाईक येतं," दाजी म्हणाले. "तेही पत्ता विचारायला."

"तुम्ही गप्प बसा. सकाळची येईन मी, मॅडम. दुपारनंतर दुकान. आणि हिला सांगा, बॉबिन आण म्हणावं, मशीन चौदा महिने बंद आहे."

"तूच सांग," धाकटी म्हणाली.

"आण बॉबिन."

"बघते."

शाळेतलं शूटिंग उद्या साडेनऊला आहे. काचा अकराच फुटायच्या आहेत, पण आणून ठेवल्यात बावीस. फ्रॉक इस्त्री होऊन सव्वाआठच्या गाडीने जातील. शिवणखोलीच्या उद्याच्या हजेरीत सहा चाळीसच्या वेळेसमोर दोन नावं आहेत आणि जिन्याखालच्या दुकानाच्या दारावर दाजींनी आज संध्याकाळीच पुठ्ठा लावलाय: उद्या दुकान तीन वाजता उघडेल. शिवणकामही घेतलं जाईल.