कात्रीचे तीन ठोके

समजा, तुमच्यासमोर शिलाई मशीन आहे आणि हातात शर्टाची कॉलर. टोकाशी आलात की सुई कापडात रुतलेली ठेवून कापड वळवायचं. हात हलला की टोक गेलं. तासाला चाळीस कॉलरी. आणि प्लायवुडच्या पलीकडे, कारखान्याच्याच पाळणाघरात, तुमची दीड वर्षाची लेक रडतेय. सुट्टी होईपर्यंत उठायचं नाही. शिवा बघू.

अशाच एका कॉलरवालीने यावर तोड काढली होती. लेक रडली की ती मशीनच्या लोखंडावर कात्री तीनदा वाजवायची. म्हणजे, ऐकलं गं, आहे मी इथेच. पलीकडचं रडणं हळूहळू उतरायचं.

सुपरवायझरला तेवढंही खुपलं. "काय गं, बँडपथक काढायचंय का? तू लाड करतेस म्हणून रडते ती. लक्ष देऊ नकोस, आपोआप गप्प होईल."

नोकरी जाईल म्हणून तिने कात्री आवरली. तीन दिवस लेक घसा बसेपर्यंत रडली. चौथ्या दिवशी पलीकडे चिडीचूप.

"बघ, लागली की नाही सवय?" सुपरवायझर म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत ती धावत गेली. एरवी लेक तिला बघताच गळ्यात पडायची, दोन हुंदके द्यायची आणि लगेच खेळायला पळायची. आज तिने वर पाहिलंच नाही. डब्याचं झाकण फिरवत बसली.

"किती गुणी झालीय हो!" पाळणाघरातली ताई म्हणाली. "आता काही मागतच नाही."

कॉलरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट सुपरवायझरपुढे गेली आणि त्याच्या टेबलावर कात्री आपटली. तीनदा.

"अगं, पोर शांत झालीय, आणखी काय हवंय तुला?"

"शांत? हाका मारून कुणी आलं नाही, म्हणून तिने हाकच सोडली! तुमचा फोन तीन दिवस कुणी उचलला नाही, तर चौथ्या दिवशी कराल? आणि नाही केलात की तुम्हालाही गुणी म्हणायचं? कात्री वाजणार. कामावरून काढायचं तर काढा."

काढलं नाही. तिच्यासारखी कॉलर दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा येतो. ते तीन दिवस. आता लेक रडो न रडो, ती दर अर्ध्या तासाने वाजवते. आठवडा झाला, पलीकडून हूं नाही की चूं नाही. रोज संध्याकाळी पाळणाघराच्या दारात, चप्पल काढायच्या आधीच ती विचारते, "ताई, खरं सांगा, मी वाजवलं तेव्हा तिने मान वर केली का?"